शुगरचं आठवड्याचं इंजेक्शन स्वस्त झालं; पण लाल-नारिंगी टोपणाचा घोळ कोण सोडवणार?

बीड : "ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन आलंय का?" हा प्रश्न आता फक्त पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत विचारला जात नाही. तालुक्याच्या मेडिकलवर, बाजारच्या दिवशी, मोबाईलवर रील दाखवत लोक विचारतात. कुणाला शुगर आहे, कुणाला फक्त पोट कमी करायचंय, कुणाच्या मुलानं शहरातून फोन करून सांगितलंय. औषध एकच, पण विचारणाऱ्यांची गरज वेगवेगळी. आणि त्यातल्या निम्म्यांना त्याची गरजच नसते, हे काउंटरवर कुणी सांगत बसत नाही.

ही विचारपूस अचानक वाढली त्याला कारण आहे. टिर्झेपटाइड हे औषध 'मौंजारो' नावानं मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत साडेतीन हजार रुपये होती. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला १४ हजार. सेमाग्लुटाइड हे दुसरं औषध. त्याचं 'वेगोव्ही' जून २०२५ मध्ये आणि 'ओझेम्पिक' डिसेंबर २०२५ मध्ये इथल्या बाजारात उतरलं. मग मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं. भारतीय कंपन्या त्याआधीच तयारी करून बसल्या होत्या. त्यामुळे भाव खाली आला आणि जे औषध श्रीमंतांचं म्हणून ओळखलं जात होतं, ते तालुक्याच्या ठिकाणापर्यंत येऊ लागलं. टिर्झेपटाइडचं पेटंट मात्र अजून चालू आहे, त्यामुळे ते महागच आहे.

औषध स्वस्त होणं चांगलंच. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आढळलं, आणि साधारण १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. हा आता शहरी लोकांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही. पण इंजेक्शन ही गोळीसारखी गोष्ट नव्हे. चुकीची गोळी एखादवेळी खपून जाते, इंजेक्शनचा चुकीचा डोस अंगावर येतो.

दोन इंजेक्शनं, दोन वेगळी कामं

गावात 'शुगरचं इंजेक्शन' म्हटलं की सगळं एकाच पोत्यात जातं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी घराणी आहेत.

पहिलं इन्सुलिन. रक्तातली साखर पेशीत शिरायला जी किल्ली लागते, ती म्हणजे इन्सुलिन. ते आपल्या शरीरातल्या स्वादुपिंडात तयार होतं. टाइप टू मधुमेहात सुरुवातीला किल्ली असते पण कुलूप गंजलेलं असतं. काही वर्षांनी किल्लीच कमी पडायला लागते. गोळ्या वाढवूनही साखर खाली येत नाही, ती ही वेळ. मग बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं. ते जेवढं टोचाल तेवढं काम करतं. साखर २५० असो की ७०, ते विचारत नाही, खाली ओढतंच. ताकद तिथेच आहे आणि धोकाही तिथेच आहे.

दुसरं घराणं आठवड्याच्या इंजेक्शनचं. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचा एक संदेश सुटतो. तो स्वादुपिंडाला सांगतो, जेवण आलंय, इन्सुलिन सोड. यकृताला साखर सोडू नको म्हणतो, पोट सावकाश रिकामं करायला लावतो आणि मेंदूला पोट भरल्याची खूण देतो. अडचण एवढीच की हा संदेश दोन-तीन मिनिटांत विरून जातो. शास्त्रज्ञ बरीच वर्षं त्याला टिकवायच्या मागे होते. वाट सापडली ती अमेरिकेतल्या वाळवंटात राहणाऱ्या, घोरपडीसारख्या दिसणाऱ्या एका विषारी सरड्यामुळे. गिला मॉन्स्टर त्याचं नाव. त्याच्या विषात अशाच कामाचा पण जास्त टिकणारा एक पदार्थ निघाला. त्यावरून बनलेलं पहिलं औषध, एक्झेनाटाइड, अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागायचं. पुढे शास्त्रज्ञांनी मानवी संदेशाच्याच रेणूला चरबीची एक शेपटी जोडली. ती रक्तातल्या प्रथिनाला चिकटून राहते, म्हणून सेमाग्लुटाइड आठवडाभर पुरतं. टिर्झेपटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाचा आणखी एक संदेश चालवतं, म्हणून वजनावर त्याचा जोर जास्त.

या घराण्याचा मोठा गुण असा की साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला ढकलतं. साखर नॉर्मल असेल तर गप्प बसतं. त्यामुळे एकट्यानं घेतलं तर साखर एकदम पडायची भीती कमी. ज्यांना मधुमेहासोबत हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांना सेमाग्लुटाइडचा फायदा मोठ्या चाचण्यांत दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घेतली, ती मुख्यतः अशाच रुग्णांसाठी. रीलवाले सांगतात त्या 'पोट आत'साठी नाही.

पण 'एकट्यानं घेतलं तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे शुगरचा जवळजवळ प्रत्येक जुना पेशंट ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी खातो. त्यातलं ग्लिमेपिराइड इन्सुलिनसारखंच, साखर किती आहे ते न पाहता काम करतं. त्यावर आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं, भूक निम्म्यावर आली आणि गोळी मात्र तशीच चालू राहिली, तर साखर पडते. इंजेक्शन सुरू करताना जुन्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिली सुई टोचू नये. आणखी एक. टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या 'ग्लिप्टिन' गोळ्या शरीरातलाच जीएलपी-१ वाचवायचं काम करतात. बाहेरून तोच भरपूर मिळत असताना त्यांचा उपयोग उरत नाही. खर्च मात्र उरतो.

खरा घोळ सिरिंजचा

आता त्या विषयाकडे, ज्यावर रील निघत नाहीत. भारतात इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीतलं साधं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं. पेनमध्ये घालायच्या नळीतलं, म्हणजे कार्ट्रिजमधलं, १०० युनिट प्रति मिली. दोन्हींसाठी सिरिंज वेगळ्या आहेत. ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. दिसायला जवळजवळ सारख्या. मेडिकलवाल्यानं घाईत एकीच्या जागी दुसरी दिली, की हिशोब कसा बिघडतो ते बघा.

डॉक्टरांनी २० युनिट सांगितलंय. ४० ची बाटली आहे आणि हातात नारिंगी टोपणाची सिरिंज. पेशंट २० च्या रेघेपर्यंत भरतो. अंगात जातात फक्त ८ युनिट. महिनाभर साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि एक दिवस कुणीतरी योग्य सिरिंज आणून देतं. वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण अंगात जातो. उलट बाजू त्याहून वाईट. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर जातात ५० युनिट. म्हणजे अडीचपट. पहाटे घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं औषध सिरिंजनं ओढणारे याच खड्ड्यात पडतात. कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसू नये, कधीच नाही.

उपाय अगदी साधा आहे. बाटलीवर छापलेला आकडा आणि सिरिंजवर छापलेला आकडा एकच असला पाहिजे. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. हे बघायला इंग्रजी यावं लागत नाही. दुकान सोडायच्या आधी काउंटरवरच दोन्ही शेजारी धरून बघावं.

हाच घोळ आता आठवड्याच्या इंजेक्शनात शिरायची भीती आहे. इन्सुलिन मोजतात युनिटमध्ये, ही औषधं मोजतात मिलिग्रॅममध्ये. पेनवर डोस बांधलेला असतो, पण कुपीतून सिरिंजनं ओढायची वेळ आली की गडबड होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जुलै २०२४ मध्ये इशारा दिला होता. कुपीतून सेमाग्लुटाइड स्वतः ओढून घेणाऱ्या काही लोकांनी ठरलेल्या डोसच्या पाचपट ते वीसपट औषध टोचून घेतलं होतं. काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. तिकडे शिकलेल्या माणसांची ही गत. म्हणून कुपी घेतली तर पहिला डोस डॉक्टर किंवा सिस्टरसमोरच भरावा, कुठल्या रेघेपर्यंत ते कागदावर लिहून घ्यावं.

कुणी घ्यावं, कुणी नाही

डोस चढवायची एक रीत आहे. सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमनं सुरू होतं, चार आठवड्यांनी अर्धा मिलिग्रॅम, मग गरज असेल तर पुढे. टिर्झेपटाइड अडीचनं सुरू, चार आठवड्यांनी पाच. पहिला महिना हा फक्त पोटाला सवय लावायचा असतो. 'फरक पडेना' म्हणून दुसऱ्याच आठवड्यात डोस दुप्पट करणाऱ्यांना उलट्यांनी आडवं पाडलेलं असतं. मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास, बहुतेकांचे काही आठवड्यांत कमी होतात. पण मे महिन्यात रानात काम करणाऱ्या माणसाला चार उलट्या आणि जुलाब झाले, की पाणी कमी पडून किडनीवर ताण येतो. पोटात असह्य दुखायला लागून ते पाठीत जात असेल, थांबत नसेल, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. तेव्हा पुढचं इंजेक्शन थांबवून थेट दवाखाना गाठावा, सोडा पिऊन बघत बसू नये. पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही थोडा वाढतो.

गरोदर बाई, गरोदर राहायच्या विचारात असलेली बाई, घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईडचा कॅन्सर झालेला माणूस, पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेला माणूस, यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगितलं पाहिजे. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांसाठी टिर्झेपटाइडबद्दल वेगळी सूचना आहे. सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गोळीवर एकट्या विसंबून राहू नये. हे दुकानात पुरुष विचारायला जातो, म्हणून बाईपर्यंत पोहोचतच नाही. साखर झपाट्यानं उतरली की आधीच खराब झालेला डोळ्याचा पडदा आणखी बिघडू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी डोळ्याची तपासणी हवी. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला या इंजेक्शनबद्दल सांगायचं, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे. आपल्या खेड्यातला शुगरचा पेशंट नेहमी जाडजूडच असतो असं नाही. पुष्कळ जण हडकुळे असतात. औषध चालू असूनही वजन उतरत चाललंय, रात्री चारदा लघवीला उठावं लागतंय, पाय चुरचुरतात, साखर ३०० च्या वर. अशा माणसाचं शरीर इन्सुलिनसाठी ओरडत असतं. त्याला भूक मारणारं इंजेक्शन देणं म्हणजे उपाशी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधणं. त्याला लागतं ते इन्सुलिन, आणि ते जुनं, स्वस्त, बाटलीतलं इन्सुलिनही पुष्कळदा चालतं. टाइप वन मधुमेहाच्या पोरांना तर इन्सुलिनला पर्यायच नाही. आठवड्याचं इंजेक्शन आलं म्हणून इन्सुलिन बंद केलं, तर जीव जाऊ शकतो.

पण इन्सुलिनला गाव घाबरतं. 'एकदा सुरू झालं की सुटत नाही', 'शेवटचा उपाय आहे', 'इन्सुलिन लागलं आणि महिन्यात गेला'. गेला तो इन्सुलिननं नाही, दहा वर्षं उशिरा सुरू केल्यामुळे गेला, हे तेराव्याच्या पंगतीत कोण बोलणार. गंमत अशी की त्याच गावात दोन हजारांचं फॅशनेबल इंजेक्शन विनाचिठ्ठी मागायला कुणाला भीती वाटत नाही. आणि ते बंद केल्यावर काय होतं, तेही कुणी विचारत नाही. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचं एका चाचणीत दिसलं आहे. म्हणजे तीन महिने पैसे घालून सोडून द्यायचं असेल, तर ते पैसे पाण्यात.

फ्रीज नाही, लाईट नाही, मे महिना

ही सगळी औषधं न उघडलेली असताना २ ते ८ अंशात ठेवायची असतात. म्हणजे फ्रीजच्या मधल्या खणात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, कारण एकदा गोठलं की वाया गेलं, पुन्हा पातळ झालं तरी वापरू नये. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण तापमान २५-३० अंशांच्या आत असेल तर. ओझेम्पिकचं पेन वापरायला काढल्यावर ३० अंशांपर्यंत आठ आठवडे, मौंजारो बाहेर ठेवलं तर तीन आठवडे. दुसऱ्या कंपनीच्या औषधाला दुसरा नियम असू शकतो, तो खोक्यातल्या कागदावर असतो.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ३० अंश असतात कुठे? ४२ च्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेलं इन्सुलिन पाणी होऊन जातं, आणि बघून कळतही नाही. फ्रीज नसेल तर मातीचं मडकं चांगलं काम करतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्याला. फ्रीजइतकं थंड होत नाही, पण बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी खाली राहतं.

दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या कारखान्याकडे निघतात आणि पाडव्यापर्यंत कोपीत राहतात. त्यातल्या शुगरच्या पेशंटनं काय करायचं? पहाटे फडात जायचं, जेवणाची वेळ ठरलेली नाही, मोळ्या वाहताना साखर आपोआप खाली येते. मिश्र इन्सुलिन, म्हणजे ३०/७० वालं, टोचल्यावर अर्ध्या तासात जेवावं लागतं. जेवण लांबलं की साखर पडते. जाण्याआधी डॉक्टरांना 'तोडीला चाललोय' हे सांगून डोस आणि वेळ बदलून घेणं, दोन महिन्यांचा साठा, सिरिंजा आणि खिशात साखरेची पुडी, एवढं तरी लागतं. एकादशी, नवरात्र धरणाऱ्यांनाही हेच लागू. उपवासाच्या दिवशी गोळ्या-इन्सुलिन नेहमीसारखं घ्यायचं आणि दुपारपर्यंत चहावर राहायचं, हे चालत नाही. आणि साबुदाण्यानं संध्याकाळी साखर उसळी मारते ती वेगळीच.

साखर ७० च्या खाली गेली, घाम-थरथर सुरू झाली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग भाकरी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

टोचायच्या जागेचंही तसंच. रोज एकाच ठिकाणी टोचलं की कातडीखाली गाठ होते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो, आणि औषध नीट शोषलं जात नाही. पोट, मांडी, जागा बदलत राहावी. दुधाळ दिसणारं इन्सुलिन तळहातात हळू फिरवून घ्यायचं, ताकासारखं घुसळायचं नाही. नवरा-बायको दोघांना शुगर म्हणून एकच पेन वापरणं बंदच करायला हवं. सुई बदलली तरी रक्ताचा अंश नळीत मागे जाऊ शकतो, कावीळ आणि एचआयव्ही त्या वाटेनं पसरू शकतात. वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत, उकिरड्यावर नाही.

स्वस्ताईसोबत बनावट मालही येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये बनावट ओझेम्पिकबद्दल जगभर इशारा दिला होता. तसा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता. इन्स्टाग्रामवरून, कुरिअरनं, बिलाशिवाय आलेलं इंजेक्शन टोचू नये. बिल मागावं, त्यावर बॅच नंबर असावा, खोकं फाटलेलं किंवा अक्षरं पुसट नसावीत. इंजेक्शननं काही त्रास झाला तर केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तिथे पेशंट स्वतः नोंद करू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही.

इन्सुलिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०२२ च्या यादीत दिवसातून एकदा घ्यायचं ग्लार्जिनही आलं. लहान बाळांच्या लसी २ ते ८ अंशात सांभाळत प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत वर्षानुवर्षं पोहोचतात, भर उन्हाळ्यातही. त्याच केंद्रात शुगरच्या पेशंटला इन्सुलिनची बाटली, तिला जुळणारी लाल टोपणाची सिरिंज आणि टोचायचं कसं हे दाखवणारं माणूस बारा महिने मिळतं का, हे येत्या ग्रामसभेत विचारता येईल.